जेव्हा श्रोताच संपादक होतो

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा येथील व्याख्यानाचा मजकूर)



उच्चारलेल्या शब्दाचे सामर्थ्य महाराष्ट्राला नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सप्ताहात उभे राहणारे कीर्तन असो, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला असो, की संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आचार्य अत्रे यांनी गाजविलेल्या सभा असोत. या समाजाचे मन घडविण्यात वाचनाइतकाच श्रवणाचाही वाटा आहे. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. वक्ता आणि श्रोता समोरासमोर असत. कीर्तनकाराच्या निरूपणात काही चुकले, तर दुसऱ्या दिवशी पारावर कोणी जाणता वारकरी ते दाखवून देई.

आता वक्ता व्यासपीठावर राहिलेला नाही. तो खिशातील मोबाइलमध्ये आहे. दुसरबीडच्या बसथांब्यावर उभा असलेला तरुण मुंबईतील किंवा दिल्लीतील कोणा भाष्यकाराचे तासाभराचे विवेचन कानाला लावून ऐकतो आणि बस येण्यापूर्वी ते दहा जणांना पाठवूनही देतो. हा वक्ता त्याला कधी भेटणार नाही, आणि त्याने सांगितलेले चुकीचे निघाले तर पारावर त्याला जाब विचारणाराही कोणी नाही. असा अदृश्य वक्ता श्रोत्याला घडवितो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु श्रोताही अशा वक्त्याला घडवितो आणि प्रसंगी बिघडवितो, या दुसऱ्या बाजूचा विचार फारसा होत नाही. तो करण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मिलवॉकी शहरातील एका निवेदकाची कारकीर्द उपयोगी पडते. त्याचे नाव चार्ली साइक्स. तेवीस वर्षे एकाच केंद्रावरून उजव्या विचारांचा आवाज म्हणून तो गाजला, आणि पुढे त्याने पॉडकास्टचा मार्ग धरला.

रिकाम्या लहरी आणि नवा आवाज

साइक्स यांच्याकडे वळण्यापूर्वी ते ज्या जगात वाढले ते जग समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत १९४९ पासून प्रसारणावर एक नियम लागू होता. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांची चर्चा करताना विरोधी मतालाही वाजवी स्थान द्यावे, असे बंधन तेथील दूरसंचार आयोगाने रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांवर घातले होते. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र अनेक केंद्रचालकांनी वादाचे विषयच टाळणे पसंत केले. रेगन यांच्या कार्यकाळात, ऑगस्ट १९८७ मध्ये, हा नियम रद्द झाला.

त्याच सुमारास तंत्रज्ञानानेही कूस बदलली होती. संगीत ऐकण्यासाठी एफएमचा ध्वनी अधिक स्वच्छ असल्याने गाणी तिकडे गेली आणि जुन्या एएम केंद्रांना श्रोते मिळेनासे झाले. या केंद्रांना स्वस्त कार्यक्रम हवा होता. एक निवेदक, एक ध्वनिक्षेपक आणि श्रोत्यांचे दूरध्वनी, एवढ्या भांडवलावर तीन-तीन तास भरून निघू लागले. उपग्रहामुळे एकच कार्यक्रम देशभरातील केंद्रांना एकाच वेळी देणेही शक्य झाले.

या पोकळीत रश लिंबॉ उभे राहिले. १ ऑगस्ट १९८८ रोजी न्यूयॉर्कहून त्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आरंभी ५६ केंद्रे त्यांचा कार्यक्रम घेत असत. पुढे ही संख्या सहाशेच्या वर गेली. वृत्तपत्रे, विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी येथे आपले म्हणणे कोणी मांडत नाही, मांडलेच तर चेष्टेने मांडते, अशी भावना कोट्यवधी सामान्य अमेरिकनांच्या मनात साचली होती. चर्चला जाणारा, छोटा व्यवसाय करणारा, मालमोटार चालविणारा हा माणूस दुपारी रेडिओ लावी आणि त्याला वाटे, अखेर कोणीतरी आपल्या मनातले बोलले. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह जिंकले, तेव्हा नव्याने निवडून आलेल्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्यत्व देऊन ऋण व्यक्त केले. २०२० मध्ये त्यांना अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळाले आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

बहिष्कृत विचाराला स्वतःचे माध्यम मिळणे ही घटना किती मोलाची असते, हे आणीबाणीचे दिवस आठवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच या माध्यमाचे यश आधी मान्य केले पाहिजे. दोषांची चर्चा त्यानंतरच करता येते.

मिलवॉकीचा आवाज

चार्ली साइक्स यांचा जन्म १९५४ चा. वडीलही पत्रकार. ते स्वतः 'मिलवॉकी जर्नल' या दैनिकात वार्ताहर होते, नंतर एका मासिकाचे संपादक झाले. विद्यापीठांतील प्राध्यापकवर्गावर कठोर टीका करणारे त्यांचे 'प्रॉफस्कॅम' हे पुस्तक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चर्चेत आले. रेडिओवर ते आले १९८९ च्या सुमारास, आणि १९९३ पासून मिलवॉकीच्या डब्ल्यूटीएमजे या केंद्राशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

साइक्स हे लिंबॉ यांच्याप्रमाणे राष्ट्रीय पातळीवरचे निवेदक नव्हते. त्यांचे क्षेत्र एका राज्यापुरते होते. पण त्या क्षेत्रात त्यांचा शब्द वजनदार होता. शाळा निवडण्याचा पालकांचा अधिकार, करांचा बोजा, सरकारी खर्च, कर्मचारी संघटनांचे वर्चस्व या विषयांवर ते दररोज बोलत. नंतर प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले पॉल रायन त्यांच्या कार्यक्रमात नेहमी येत. २०१० मध्ये राज्यपालपदी निवडून आलेले स्कॉट वॉकर यांनी २०११ मध्ये सरकारी कर्मचारी संघटनांचे सामूहिक वाटाघाटीचे अधिकार मर्यादित केले, तेव्हा राज्यात मोठे आंदोलन पेटले. वॉकर यांना परत बोलाविण्यासाठी जून २०१२ मध्ये मतदान झाले आणि त्यात ते टिकले. असे मतदान जिंकून पद राखणारे ते अमेरिकेतील पहिलेच राज्यपाल होते. या संघर्षात साइक्स यांचा कार्यक्रम वॉकरसमर्थकांचे रोजचे एकत्र येण्याचे ठिकाण बनला होता.

निवेदक आणि श्रोता यांचे नाते येथे परिपूर्ण दिसते. श्रोत्याला जे वाटते ते निवेदक अधिक नेमक्या शब्दांत सांगतो, श्रोता ते उचलतो, कामाला लागतो, आणि निवडणूक जिंकली जाते. हे नाते किती खोल आहे याची परीक्षा मात्र यशाच्या दिवसांत होत नाही. निवेदकाचे मत श्रोत्याच्या मताहून वेगळे पडते, त्या दिवशी ती होते.

पंच नसलेला सामना

तो दिवस २०१६ मध्ये आला. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी डोनाल्ड ट्रम्प पुढे सरसावले होते. साइक्स यांच्या मते ट्रम्प यांची भूमिका ही त्यांनी आयुष्यभर मांडलेल्या तत्त्वांशी जुळणारी नव्हती. हे मत बरोबर की चूक, हा अमेरिकन मतदारांचा प्रश्न आहे आणि त्यांनी त्याचे उत्तर मतपेटीतून एकापेक्षा अधिक वेळा दिले आहे. या विवेचनाचा विषय वेगळा आहे. साइक्स यांनी आपले मत श्रोत्यांपासून लपविले नाही. २८ मार्च २०१६ रोजी ट्रम्प त्यांच्या कार्यक्रमात दूरध्वनीवर आले, तेव्हा आपण त्यांच्या विरोधकांपैकी आहोत हे साइक्स यांनी तोंडावर सांगितले. ५ एप्रिलच्या प्राथमिक निवडणुकीत विस्कॉन्सिनमध्ये टेड क्रूझ विजयी झाले. परंतु देशभरात उमेदवारी ट्रम्प यांनी मिळविली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी विस्कॉन्सिनही सुमारे २३ हजार मतांनी जिंकले. श्रोता आपल्या निवेदकाला मागे टाकून पुढे निघून गेला होता.

मतभेद झाला, श्रोते रागावले, यात नवल काही नाही. साइक्स यांना खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीने बसला. त्या वर्षी त्यांचे श्रोते कुठल्याकुठल्या संकेतस्थळांवरील मजकूर त्यांना पाठवीत आणि तो कार्यक्रमात सांगण्याचा आग्रह धरीत. साइक्स शोध घेत, मजकूर निराधार असल्याचे दिसून येई, तसे ते श्रोत्याला कळवीत. श्रोता विचारी, हे कशावरून? एखाद्या मोठ्या वृत्तपत्राने पडताळणी केली आहे, असे सांगितले की श्रोता हसे. त्या वृत्तपत्रावर विश्वास ठेवू नका, असे तुम्हीच तर आम्हाला वीस वर्षे सांगत आला आहात!

यावर साइक्स यांच्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्थापित माध्यमांच्या पक्षपातावर त्यांनी केलेली टीका बव्हंशी खरी होती, असे ते त्यानंतरही म्हणत राहिले. परंतु पक्षपाती पंचाला मैदानाबाहेर काढताना नवा पंच नेमण्याचे काम कोणीच केले नाही, याची जाणीव त्यांना झाली आणि ती त्यांनी जाहीरपणे मांडली. एखाद्या वृत्तपत्राची बातमी चुकीची ठरविणे आणि बातमी पडताळण्याची रीतच निकालात काढणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट करता करता दुसरी केव्हा घडून गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. १९ डिसेंबर २०१६ रोजी साइक्स यांनी डब्ल्यूटीएमजेवरील अखेरचा कार्यक्रम केला. रेडिओ सोडण्याचा निर्णय आधीच झाला होता, असे त्यांनी स्पष्ट केले होते. पण त्या वर्षाच्या अनुभवातून त्यांचे पुढचे पुस्तक निर्माण झाले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात त्यांनी आपल्याच विचारपरिवाराची कठोर झडती घेतली.

पॉडकास्टचे स्वातंत्र्य आणि त्याची किंमत

यानंतर साइक्स यांनी पॉडकास्टचा मार्ग धरला. पॉडकास्ट म्हणजे आंतरजालावरून हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. हा शब्द २००४ मध्ये प्रचारात आला आणि जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये त्याची सोय केल्यावर तो घरोघरी पोहोचला. त्याला केंद्र लागत नाही, परवाना लागत नाही, ठरलेली वेळ लागत नाही. इकडे रेडिओचा व्यवसाय कर्जाखाली दबत गेला. क्युम्युलस ही मोठी कंपनी नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि आयहार्ट ही त्याहून मोठी कंपनी मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली. निवेदकांना नवे घर शोधणे भागच होते.

साइक्स आधी 'वीकली स्टँडर्ड' या उजव्या विचारांच्या नियतकालिकाचा पॉडकास्ट करू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये मालकांनी ते नियतकालिकच बंद केले. तेव्हा सहकाऱ्यांसह त्यांनी 'बुलवार्क' हे नवे व्यासपीठ उभारले आणि २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत त्याचा पॉडकास्ट चालविला. त्यांना श्रोते मिळाले. पण ते मिलवॉकीचे जुने श्रोते नव्हते. जुन्या श्रोत्यांना जे ऐकायचे नव्हते, ते ऐकायला उत्सुक असलेला वेगळाच वर्ग आता त्यांच्याभोवती जमला. म्हणजे खरे बोलण्यासाठी श्रोता गमावणाऱ्या निवेदकालाही अखेर आपल्या मताचाच श्रोता मिळाला. ज्यांना पटवून द्यायचे होते, ते तर निघून गेले होते.

ग्लेन बेक यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीवरील यशानंतर २०११ मध्ये त्यांनी फॉक्स वाहिनी सोडली आणि आंतरजालावर स्वतःचे प्रसारण उभारले. त्याआधी, २८ ऑगस्ट २०१० रोजी, वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकासमोर त्यांच्या हाकेवर प्रचंड जनसमुदाय लोटला होता. त्यांनीही २०१६ मध्ये ट्रम्प यांना विरोध केला. पुढील काळात त्यांच्या संस्थेला मोठी कर्मचारीकपात करावी लागली. मे २०१८ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्या घोषवाक्याची लाल टोपी कार्यक्रमातच डोक्यावर चढविली आणि आपला पाठिंबा जाहीर केला. हे प्रामाणिक मतपरिवर्तन होते की श्रोत्यांपुढील शरणागती, याचा निवाडा दुरून करता येणार नाही. परंतु श्रोत्यांच्या वर्गणीवर ज्याचा प्रपंच चालतो, त्याच्या बाबतीत असा प्रश्न विचारला जातो, हेच पुरेसे बोलके आहे. स्वतः लिंबॉ यांनीही २००६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या पराभवानंतर आपल्याला मोकळे वाटत असल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते. ज्यांची पात्रता नाही त्यांचा भार वाहण्याची आता गरज उरली नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. याचा अर्थ, इतका काळ ते न पटणारा भारही वाहत होते.

याहून भीषण उदाहरण ॲलेक्स जोन्स यांचे. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक येथील शाळेत वीस बालके आणि सहा प्रौढ गोळीबारात मारले गेले. हे हत्याकांड बनावट असल्याचा दावा जोन्स आपल्या रेडिओ व आंतरजालावरील कार्यक्रमातून करीत राहिले. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी पोटची मुले गमावलेल्या आईबापांचा छळ केला. २०२२ मध्ये न्यायालयांत जोन्स यांच्यावर एक अब्ज डॉलरहून अधिक नुकसानभरपाई बसली. केंद्र नाही, संपादक नाही, नियम नाही, आणि श्रोता 'आणखी सांगा' म्हणतो आहे. अशा वेळी माणूस कोठवर घसरतो, याची ही साक्ष आहे.

संपादकाचे ओझे उतरले की वक्ता स्वतंत्र होतो, ही समजूत त्यामुळे अर्धवट ठरते. जुना संपादक गेला की त्याच्या खुर्चीत श्रोता येऊन बसतो. हा नवा संपादक अधिक कडक असतो. चूक झाल्याबद्दल तो क्वचितच रागावतो; मनाविरुद्ध बोलल्याबद्दल मात्र क्षमा करीत नाही.

आपल्याकडची वाट

भारतात साइक्स यांच्यासारखा रेडिओनिवेदक का झाला नाही, याचे उत्तर साधे आहे. तो मार्गच बंद होता. आकाशवाणी दीर्घकाळ सरकारच्या हातात राहिली. २६ जून १९७५ रोजी आणीबाणीची वार्ता देशाने पंतप्रधानांच्या तोंडून ऐकली ती आकाशवाणीवरूनच, आणि पुढील एकवीस महिने त्या माध्यमाने सरकारखेरीज दुसरा आवाज ऐकविला नाही. जनता सरकारने १९७७ मध्ये वर्गीज समिती नेमली. प्रसारभारती कायदा १९९० मध्ये झाला आणि प्रत्यक्षात आला १९९७ मध्ये. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली. पण स्वतःच्या बातम्या व राजकीय घडामोडी देण्यास त्यांना मनाई राहिली. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचीच वार्तापत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची मुभा मिळाली. २०२३ मध्ये ट्रायने तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस केली.

त्यामुळे मराठीत हा प्रवाह रेडिओला वळसा घालून आला. भाऊ तोरसेकर यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. 'मार्मिक'सह मराठी नियतकालिकांत हयात घालविलेला हा पत्रकार पुढे 'जागता पहारा' या ब्लॉगकडे आणि तेथून यूट्यूबवरील 'प्रतिपक्ष'कडे वळला. छापील पानावरून थेट मोबाइलच्या पडद्यावर! गावोगावी त्यांचे भाष्य ऐकले जाते, कारण मुद्रित माध्यमांत आपली बाजू येत नाही असे मानणारा श्रोता येथेही मोठ्या संख्येने होता. हा मार्ग आता अनेकांनी धरला आहे, उजव्यांनी तसा डाव्यांनीही. अमेरिकेत जी परीक्षा तीन दशकांनी आली, ती येथे अधिक वेगाने येणार, कारण येथे मधला टप्पाच नव्हता.

सोयाबीनचा भाव आणि राजकारणाची बातमी

या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे साधन या भागातील शेतकऱ्याजवळ आधीच आहे. सोयाबीनला अमुक भाव फुटला असा संदेश मोबाइलवर येतो. म्हणून कोणी लगेच ट्रॉली भरून निघत नाही. तो बाजार समितीत दूरध्वनी करतो, काल माल विकून आलेल्या शेजाऱ्याला विचारतो, ओलावा किती धरला, कटती किती झाली, हे समजून घेतो आणि मगच पोती उचलतो. चुकीच्या बातमीची किंमत त्याला स्वतःच्या खिशातून मोजावी लागते, म्हणून तो सावध असतो. तोच शेतकरी, तोच शिक्षक, तोच कार्यकर्ता राजकारणाची किंवा दोन समाजांतील तेढीची बातमी मात्र क्षणात पुढे पाठवितो, कारण तिची किंमत दुसरा कोणीतरी मोजणार असतो. सँडी हूकच्या आईबापांनी ती मोजली.

म्हणून आपल्या विचारांचा भाष्यकार ऐकताना अधिक सावध राहिले पाहिजे. विरोधकाच्या बोलण्यातील चूक शोधण्यास कोणाला शिकवावे लागत नाही. हा माणूस माहिती कोठून आणतो? चुकल्यावर तो त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्याने दुरुस्ती करतो का? गेल्या वर्षभरात त्याने आपल्या मनाविरुद्ध एखादी गोष्ट सांगितली आहे का? हे तीन प्रश्न घरातील जेवणाच्या वेळी मुलांसमोर विचारले जावेत. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आले, तर तो भाष्यकार आपल्याला माहिती देत नसून आपले मनच आपल्याला परत ऐकवीत आहे, असे समजावे.

कार्यकर्त्याची जबाबदारी याहून मोठी आहे. ज्या घरांशी त्याचा संपर्क आहे तेथे त्याचा शब्द मानला जातो. एखादा संदेश खोटा असल्याचे कळल्यावर तो आपल्या बाजूचा असला तरी गटात 'हे खरे नाही' असे लिहिण्याचे धैर्य त्याने दाखविले पाहिजे. प्रारंभी लोक रागावतील. एखाद-दुसरा गट सोडूनही जाईल. परंतु साइक्स यांच्याजवळ जे नव्हते, ते या कार्यकर्त्याजवळ आहे. त्याचा श्रोता दूरध्वनीच्या पलीकडचा अनोळखी आवाज नाही. तो शेजारी राहतो, सणाला घरी येतो, अडचणीला धावतो. मतभेद झाला तरी दुसऱ्या दिवशी त्याच पारावर भेट होणार असते आणि तुटलेले बोलणे पुन्हा जोडता येते. मिलवॉकीच्या निवेदकाला ती संधी मिळाली नाही. येथे ती रोज मिळते. तिचा उपयोग करावा, एवढीच अपेक्षा.